भट्टीची उसनवारी

तापमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पगाराच्या पाकिटाखेरीज दुसरीकडे कुठे कुणी लिहिलेलं नसेल. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. भट्टीच्या भिंतीत मुठीएवढं एक भोक होतं. मास्तर त्याच्यापाशी जायचे, निळ्या काचेचा चष्मा चढवायचे, एक डोळा मिटायचे आणि आत ताप किती आहे ते सांगायचे. तसं काटा असलेलं यंत्रही शेजारी होतं. पण यंत्राचं आणि मास्तरांचं जुळलं नाही, तर दुरुस्तीला यंत्र जायचं.

स्वभाव म्हणाल तर तोही भट्टीजवळच भाजून निघालेला. कामात ढिलाई दिसली की समोर कोण आहे हे पाहायचे नाहीत. मात्र घरात पाऊल टाकलं की हाच माणूस एकदम नरम. कारण घरात थोरली बहीण होती. ताईंनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं, लग्न केलं नव्हतं, आणि मास्तरांची बायको गेल्यापासून नऊ वर्षं दोघं एकाच छताखाली एकमेकांच्या चुका काढत मजेत राहत होती. घरात मास्तर एकच पुरे आणि ती मी, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कारखान्यातली निम्मी माणसं त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली, त्यामुळे यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी मंदी आली. आली म्हणजे कशी, तर आदल्या महिन्यापर्यंत सगळं आलबेल होतं आणि या महिन्यात दोन मोठ्या बँकांच्या दाराशी पोलीस उभे. सरकारने धावपळ करून त्या बँका वाचवल्या. वाचवायला पैसा लागला म्हणून सरकारने कर्ज काढलं, कर्जाचं व्याज भरायला पैसा लागला म्हणून खर्च कापला, आणि कापता कापता कात्री निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनपर्यंत पोचली. ताईंचं पेन्शन एक तृतीयांशाने कमी झालं. तसं कळवणारं पत्र आलं, तेव्हा त्यातल्या तीन चुका तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून ताईंनी ते परत पाठवलं. त्याचं उत्तर काही आलं नाही.

इकडे कारखान्याचीही तीच गत. औषधवाल्यांनी बाटल्या घेणं थांबवलं, मुरंबेवाल्यांनी बरण्या घेणं थांबवलं. तेलवाल्या कंपनीने तर सरळ सांगितलं की आधीचं बिल भरा, मग टँकर मागा. आणि काचेची भट्टी ही काही चूल नव्हे, की वाटलं तेव्हा विझवली आणि वाटलं तेव्हा पेटवली. तिच्या पोटात शेकडो टन पातळ काच असते. भट्टी विझली की ती काच आतल्या आत दगड होते, आकसते, आणि सोबत भट्टीच्या विटाही फोडते. मग भट्टी पाडायची आणि नवी बांधायची. कारखान्याची भट्टी अकरा वर्षं एक मिनिटही विझली नव्हती. नवी बांधायला मालकांकडे पैसा नव्हता, आणि त्या मंदीत त्यांना दारात उभं करणारी बँकही नव्हती. म्हणजे भट्टी विझली की कारखाना संपला. चारशे घरांना हे पाठ होतं.

सोमवारी दुपारी मालक स्वतः भट्टीघरात आले. हातात वर्तमानपत्राची घडी होती. सरकारने कारखान्यांसाठी मदत जाहीर केली होती. इंधनाची थकलेली बिलं सरकार भरणार, पुढचा खर्च उचलणार, बदल्यात कारखान्यात हिस्सा घेणार आणि पैसा हप्त्याने वसूल करणार. अट एकच. तपासनीस येईल त्या घटकेला कारखाना चालू दिसला पाहिजे. बंद पडलेल्यांना दमडी नाही. तपासनीस गुरुवारी सकाळी दहाला येणार होते.

मास्तरांनी तेलाच्या टाकीत काठी बुडवून पाहिली. पुऱ्या आचेवर मंगळवार दुपारपर्यंतचं तेल होतं. निम्मे बर्नर बंद करून, झडपा आणि फटी मातीने लिंपून, काच नुसती जिवंत ठेवायची म्हटली तर बुधवार दुपारपर्यंतचं. म्हणजे जवळजवळ एक दिवस कमी पडत होता. त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा मालक मटकन खाली बसले.

मास्तर मात्र बसले नाहीत. उलट त्यांच्या अंगात वीज संचारली. छत्तीस वर्षं भट्टीने सांगावं आणि यांनी ऐकावं असं चाललं होतं. आता पहिल्यांदाच भट्टीला यांची गरज पडली होती. तासाभरात निम्मे बर्नर बंद झाले, फटी लिंपल्या गेल्या, आणि मास्तर त्या भोकापाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहिले. पांढऱ्याची पिवळी आणि पिवळ्याची केशरी होत चाललेली आच ते पाहत होते. केशरी चालेल, पण तांबडी दिसली की सगळं संपलं.

जाता जाता मालकांनी त्यांना बाजूला घेतलं. तपासनीस तुम्हालाच विचारतील, भट्टी अजून किती वर्षं टिकेल म्हणून. दहा सांगा, एवढं म्हणून ते घाईने निघून गेले. भट्टीच्या विटा आतून कुठे कुठे झिजल्या आहेत हे मास्तरांना ठाऊक होतं. फार तर दोन वर्षं. हे त्यांनी आजवर एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस घरी भाजी निवडत बसला होता.

मंगळवारी संध्याकाळी जेवताना वाजलंच. मास्तर हातवारे करत मदतीची बातमी सांगत होते आणि ताई ताटातून मान वर करत नव्हत्या. शेवटी त्यांनी विचारलं, की सरकार हा पैसा आणणार कुठून?

"कर्ज काढेल," मास्तर म्हणाले.

"आणि ते फेडणार कोण? माझ्या पेन्शनला आधीच कात्री लागलीय. राहिलेलं पहिलीतली पोरं फेडतील. अजून त्यांना धड शंभरपर्यंत मोजता येत नाही, आणि तुमच्या बाटल्यांचं कर्ज त्यांच्या नावावर."

"मग विझू द्यायची का भट्टी?"

ताईंनी भात वाढला. मास्तरांना राग आला, कारण ताईंचं म्हणणं त्यांना खोडता येईना. हात धुऊन ते पुन्हा कारखान्यात गेले आणि तिथल्याच बाकावर आडवे झाले.

बुधवारी सकाळी साचेवाल्याने डोकं चालवलं. हा मास्तरांचा जुना सोबती, बाटल्यांचे साचे घासण्यात हयात गेलेला. तो म्हणाला की थंडीचे दिवस आहेत, घरोघर शेगडीचं तेल भरून ठेवलेलं आहे, गॅरेजांत इंजिनातलं जुनं काळं तेल पडून आहे. कंपनी उधार देत नसेल, पण गाव तर आपलं आहे. मास्तरांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला.

नऊ वाजेपर्यंत फाटकाशी रांग लागली. काय एकेक माणूस आणि काय एकेक भांडं! गॅरेजवाला हातगाडीवर दोन पिंपं घेऊन आला. न्हावी पाच लिटरचा डबा घेऊन आला. एका म्हातारीने औषधाच्या बाटलीत पाव लिटर आणलं आणि ही बाटली तुमच्याच कारखान्याची आहे बरं का, असं बजावलं. साचेवाला टेबल टाकून बसला होता. कुणी किती दिलं ते तो एका वहीत लिहून घ्यायचा आणि शेजारी देणाऱ्याची सही घ्यायचा. फुकट काही नाही, सगळं उसनं, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. रांगेतली माणसं हसत होती, एकमेकांना कोपरं मारत होती. महिनाभर नुसत्या वाईट बातम्या ऐकून ती कंटाळली होती. आज करण्यासारखं काहीतरी हाती लागलं होतं, म्हणून ती खूश होती. चार पदरी फडक्यातून गाळून तेल टाकीत पडत होतं, आणि मास्तर दर दहा मिनिटांनी काठी बुडवून मोठ्याने आकडा सांगत होते.

दुपारी एकला दोन बर्नर खोकल्यासारखा आवाज करून विझले. मास्तर धावले. टाकीच्या तळाची तोटी सोडली, तर हातावर पाणी आलं. तेलात पाणी! कुणी दिलं, कुणी दिलं, असा गलका झाला. तेव्हा लाँड्रीवाला हळूच पुढे आला. बिचाऱ्याचा चेहरा रडवेला झाला होता. दुसऱ्याला देताना पिंप घाणेरडं कसं द्यायचं, म्हणून त्याने तेल भरण्याआधी ते दोनदा सोड्याने घासून, खळखळून धुतलं होतं. वाळवायला वेळ मिळाला नाही. आयुष्यभर लोकांचे डाग काढणाऱ्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार?

एरवी मास्तरांनी त्याला सोलून काढला असता. आज त्यांना बोलायलाही वेळ नव्हता. साचेवाला आणि ते मिळून तळाचं पाणी काढत राहिले, निव्वळ तेल लागेपर्यंत. तोवर भोकातली आच केशरीवरून खाली सरकायला लागली होती. कडेला तांबूस छटा आली. मास्तरांनी पेटता बोळा लांब सळईला बांधून बर्नरच्या तोंडात घातला. पहिल्यांदा नुसता धूर आला. दुसऱ्यांदा भकभक झाली. तिसऱ्यांदा भक्कन जाळ लागला, आणि सगळ्या भट्टीघराने एकदम श्वास सोडला. लाँड्रीवाला खरंच रडला. मास्तरांनी त्याच्या नावावर वहीत पिंपाऐवजी पाऊण पिंप लिहायला लावलं, तेवढीच काय ती शिक्षा.

चार वाजता फाटकाशी चाकांची खडखड ऐकू आली. बाजारची पिशवीगाडी ओढत ताई येत होत्या. गाडीत वीस लिटरचा डबा होता, घरातलं थंडीभराचं सगळं तेल. रांग आपोआप बाजूला झाली, कारण निम्मी रांग त्यांच्याच वर्गातली. मास्तर हात पुसत बाहेर आले आणि बहिणीकडे बघतच राहिले.

"असा बघू नकोस," ताई म्हणाल्या. "मदत मला अजूनही पटलेली नाही. पण चारशे घरं उघड्यावर पडली तर त्यांना पोसायला सरकार आणखी कर्ज काढेल, आणि माझं उरलेलं पेन्शनही जाईल. मी हिशेब केलाय."

"ताई, अगं थंडीत..."

"स्वेटर आहेत. माझी एक अट आहे. ते विचारतील तेव्हा खरं सांगायचं. तू मला दोन वर्षं म्हणाला होतास. पोरांच्या नावावर कर्ज काढताय, तर निदान आकडा तरी खरा सांगा."

एवढं बोलून त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, वीस लिटर, उसने. साचेवाल्याचं एक अक्षर तिरकं पडलं होतं, तेही नीट केलं, आणि रिकामी गाडी ओढत त्या निघून गेल्या. मास्तर पुन्हा भोकापाशी जाऊन उभे राहिले. दहा म्हटलं तर बहिणीला फसवणं, दोन म्हटलं तर कदाचित चारशे घरं. दोन वर्षांनी मरणाऱ्या भट्टीवर कुठलं सरकार पैसा लावेल?

गुरुवारी सकाळी सहाला मास्तरांनी सगळे बर्नर उघडले. हा जुगार होता. काच जिवंत ठेवणं वेगळं आणि तिची बाटली काढणं वेगळं. बाटलीसाठी आच चढवावी लागते, आणि तेवढ्या आचेवर टाकीतलं तेल बरोबर अकरापर्यंत पुरणार होतं. तपासनीस दहाला येणार, म्हणजे हाताशी एक तास होता. केशरीची पिवळी झाली. पिवळी उजळत गेली. नऊ वाजता मास्तरांचा चेहरा भोकातल्या उजेडाने लग्नातल्यासारखा दिसत होता.

दहा वाजले. सव्वादहा झाले. साडेदहा झाले तरी तपासनीसांचा पत्ता नाही. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साचेवाल्याने काठी बुडवली आणि आकडा सांगायचं टाळून बोटंच दाखवली. चार बोटं. मालक फाटक आणि भट्टीघर यांच्या मध्ये येरझारा घालत होते. पावणेअकराला एक सडपातळ गृहस्थ बगलेत फाइल धरून धावत धावत आत आले. सरकारी मोटार रस्त्यात बंद पडली होती. पेट्रोलच्या कोट्यातही कपात झाली होती म्हणे. शेवटचा मैल ते चालत आले होते.

त्यांनी आल्या आल्या विचारलं की माल कुठे आहे. बाटल्या करणारं यंत्र चालवायचं तर तासभर आधी तापवावं लागतं, आणि तासाचं तेल उरलं नव्हतं. मालक चाचरले. मास्तर चाचरले नाहीत. भिंतीवर शोभेसाठी टांगलेली जुनी फुंकनळी त्यांनी खस्सकन ओढून काढली. तरुणपणी ते हाताने बाटल्या फुंकत, पंचवीस वर्षांत नळीला तोंड लावलं नव्हतं. तोंड भट्टीत घालतात की काय वाटावं इतके ते वाकले, नळीच्या टोकावर मधासारखा लालपिवळा गोळा गुंडाळून घेतला, बाहेर काढला आणि फिरवत फिरवत गाल फुगवले. गोळा फुगला. एका बाजूला कलला. मास्तरांनी त्याला गोल गोल फिरवत वळणावर आणलं, साचेवाल्याने खाली साचा धरला, आणि नळीवरून सुटून आली ती एक बाटली. मान वाकडी, पोट एकीकडे जास्त, पण अस्सल बाटली. चाळीस माणसांनी टाळ्या पिटल्या. तपासनीसांनी भानावर येऊन फाइलमध्ये लिहिलं, चालू.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. पैसा दहा वर्षांच्या मुदतीने द्यायचा आहे, तर ही भट्टी अजून किती टिकेल?

मालक मास्तरांकडे पाहत होते. साचेवाला जमिनीकडे पाहत होता. मास्तरांनी फुंकनळी भिंतीला टेकवून ठेवली.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "जपून वापरली तर. त्यापुढे मी हमी देत नाही."

मालकांनी डोळे मिटून घेतले. तपासनीसांची लेखणी थांबली.

"मी या आठवड्यात नऊ कारखाने पाहिले," ते म्हणाले. "नऊही जणांनी दहा सांगितलं. त्यातली एक भट्टी मी पाहत असताना गळत होती."

बस, एवढंच. होय नाही की नाही नाही. फाइल बगलेत मारून ते चालत निघून गेले, आणि अकराला पाच कमी असताना मास्तरांनी पुन्हा निम्मे बर्नर बंद केले. त्यानंतरचे दोन दिवस गावाने कसे काढले ते विचारू नका. डब्यांची रांग पुन्हा लागली, पण आता डबे लहान होते आणि माणसं गप्प. मालक मास्तरांशी बोलत नव्हते. कुणी उघड दोष देत नव्हतं, पण मास्तर जवळ आले की बोलणं थांबायचं. चारशे घरांचा घास आपण एका शब्दाने हिरावला की काय, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. ताईंना मात्र त्यांनी सगळं सांगितलं. ताई फक्त म्हणाल्या की बरोबर केलंस, आणि त्यांच्या पानात दोन चपात्या जास्त वाढल्या.

शनिवारी दुपारी मदत मंजूर झालेल्यांची यादी आली. गावातल्या सगळ्या रेडिओंचे कान पिळलेले होते. मोठमोठ्या कारखान्यांची नावं झाली, मधली झाली, आणि शेवटून तिसरं नाव यांचं निघालं. मुदत दोन वर्षं. रक्कम मागितली त्याच्या निम्म्याहून कमी, पण तेलाला, पगाराला पुरेल अशी. आणि या दोन वर्षांत हप्ते वेळेवर फेडले, तर नव्या भट्टीसाठी अर्ज करता येईल अशी पुस्ती. भट्टीघरात असा जल्लोष उठला की यंत्राचा काटा म्हणे जागचा हलला. मालक धावत आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले.

सोमवारी तेलाचा टँकर लागला. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं की भट्टीची गरज भागली की आधी वही, मग बाकी सगळं. त्या आठवड्यात कारखान्याची हातगाडी दारोदार फिरली. म्हातारीला पाव लिटर मिळालं, गॅरेजवाल्याला दोन पिंपं मिळाली, लाँड्रीवाल्याला पाऊण पिंप आणि वर एक कोरडं फडकं. शेवटचं नाव मास्तरांनी स्वतःकडे ठेवलं. वीस लिटरचा डबा खांद्यावर घेऊन, कोटाच्या खिशांत वही आणि ती वाकडी बाटली घालून ते घरी आले.

ताई दोन स्वेटर घालून खिडकीशी वाचत बसल्या होत्या. त्यांनी उठून डब्याचं झाकण काढलं, वास घेतला, पातळी पाहिली.

"हे तेल सरकारच्या टँकरमधलं?"

"हो."

"म्हणजे माझ्या पेन्शनमधून कापलं तेच. माझंच तेल माझ्याच पैशाने मला परत."

मास्तर ओशाळले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या गावाची देणी चुकवून ते छाती काढून आले होते, आणि दाराशीच हिशेब उलटा निघाला. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या आणि मग कितीतरी महिन्यांत हसल्या नव्हत्या तशा खो-खो हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा पायाने मास्तरांकडे सरकवला.

"परत घेऊन जा. दोन वर्षं मी स्वेटर घालीन. तुम्ही हप्ते चुकवू नका, मग पोरांना मोजायला थोडं कमी उरेल. आणि आण ती वही इकडे."

मास्तरांनी वही पुढे केली. ताईंनी आपल्या आधीच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली, वीस लिटर, उसने, पुन्हा एकदा, आणि या वेळी शेजारी परतीची तारीखही घातली. मग त्यांनी ती वाकडी बाटली उजेडात धरून नीट पाहिली, तिच्यात पाणी भरलं आणि टेबलावर ठेवली. मास्तर डबा उचलून पुन्हा कारखान्याकडे निघाले.